अंधारीचं वरीस

व्यंकट गायसमुद्रे यांच्या गळ्यावर खाजामियाँचा वस्तरा होता, नेमक्या तेव्हाच कातळवाडीच्या आबारावानं त्यांना आनंदाची बातमी दिली. "सायेब, वरीस भरलं बघा तुमचं," तो मागच्या बाकावरून म्हणाला. असलं वाक्य गळ्यावर वस्तरा असताना ऐकायची व्यंकटरावांना सवय नव्हती. मान किंचित हलली. खाजामियाँनं जिभेनं च्च केलं, तुरटीचा खडा ओला करून हनुवटीखाली दाबला आणि म्हणाला, "हिलू नका ना साब. यांचं बोलणं थांबत नाही, माझा हात थांबत नाही. बीचमध्ये तुम्ही जाताल." तुरटी चरचरली. आरशात मागचा आबाराव उलटा दिसत होता: कांजीचं धोतर, मांडीवर साखरेच्या गाठींचा पुडा, आणि पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट, ज्याचं एक टोक गोणपाट फाडून बाहेर आलं होतं. त्या टोकाला दात होते. "कसलं वर्ष?" व्यंकटरावांनी आरशालाच विचारलं. आबाराव हसला. "ह्ये काय इचारनं झालं? तुमच्या वनाचं. गेल्या पाडव्याला पाटी लावली, आज पाडवा. वर्षवन म्हनला तुमी, आमी वर्षभर राखलं. एक फांदी तोडू दिली न्हाय कुनाला. आता दुपारी निवद झाला की लावतो कुऱ्हाड." आणि लग्नाचं आवतण द्यावं तशा आवाजात त्यानं पुढं जोडलं, "तुमी पन चला की. नारळ तुमच्याच हातानं फोडू."

संकटं येतात तेव्हा ती आपल्या आकारानं येत नाहीत, हे व्यंकटरावांच्या ध्यानात आलं. हे संकट एका कान्याएवढं होतं. शब्द होता वर्षावन. वर्षा म्हणजे पाऊस, पावसाचं वन. पाटी रंगवणाऱ्याला जागा पुरली नसेल, किंवा चहा आला असेल. एक काना राहून गेला आणि वर्षवन झालं. ती पाटी त्यांनी स्वतः जीपमध्ये घालून कातळवाडीला नेली होती, स्वतः उभं राहून ठोकून घेतली होती, नंतर कितीदा तरी पाहिली होती. पण शिकलेला माणूस वाचत नसतो, त्याला आधीच ठाऊक असतं. न लिहिलेला काना त्यांच्या डोळ्यांना दर वेळी दिसला होता. गावानं मात्र जे लिहिलं होतं तेच वाचलं. वर्षाचं वन. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. सालगडी ठेवावा तसं. आता एकदम त्यांना गेल्या पाडव्याची सभा आठवली, मारुतीच्या पारावरची. केवढं बोलले होते ते! झाडांचे थर, मुळांनी धरलेली माती, पानांनी सोडलेली वाफ. शेवटी घसा कोरडा पडल्यावर आबाराव उठून म्हणाला होता, "येवढंच ना? राखू की." आणि सगळ्या गावाचे हात वर. गाव एवढ्या पटकन कशालाही तयार होत नसतं. साध्या हातपंपाच्या जागेवरून कातळवाडीत तीन आळ्यांचं बोलणं बंद होतं. तरी त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं होतं, "उमा, आज बोललो बरं का मी." उमा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, मुलांच्या बढाया ऐकायची तिला सवय, ती "हो का" म्हणाली होती. ते "हो का" आज वर्षानं त्यांना नीट ऐकू आलं.

मुळात उस्मानाबाद जिल्ह्यात वर्षावन आलं कसं, हा प्रश्न कुणीच कधी विचारला नव्हता, आणि म्हणून त्याचं उत्तर व्यंकटराव गेली दोन-अडीच वर्षं एकटेच सांभाळून होते. त्यांच्या संस्थेचं नाव ग्रामजीवन प्रतिष्ठान. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी वाटण्यासाठी ती निघाली; दुष्काळ संपला, सुकडी संपली, संस्था राहिली. दूध झालं, कोंबड्या झाल्या, निर्धूर चुली झाल्या. मग एके दिवशी हॉलंडातल्या एका मंडळानं कळवलं की यापुढं आमचा कल रेनफॉरेस्टकडे आहे. कार्यकारिणीची बैठक बसली. अध्यक्ष साखर कारखान्यावर संचालक होते, आणि शब्दाची फोड करण्यात त्यांचा हातखंडा. "रेन म्हणजे?" त्यांनी विचारलं. पाऊस, सगळे म्हणाले. "फॉरेस्ट म्हणजे?" जंगल. "मग या दोन्हीची गरज आपल्याइतकी कुणाला आहे?" बैठकीत वनस्पतिशास्त्र शिकलेला एकच माणूस होता. तो हात वर करून सांगू शकला असता की असलं जंगल इथं उगवत नाही. पण त्यानं हात वर केला तो अध्यक्षांना वाटलं, जबाबदारी घ्यायला केला. टाळ्या झाल्या. व्यंकटराव वर्षावन संरक्षण कार्यक्रमाचे प्रमुख झाले. उमा म्हणाली, "नावात समुद्र, कामात वर्षावन, आणि घरात चार घागरी. मग आता आंघोळ कुणी करायची नाही असं ठरवू या?" मग हॉलंडची बाई पाहायला आली, ती नेमकी श्रावणात, आणि तेही बऱ्या पावसाच्या वर्षी. व्यंकटरावांनी जिल्हा पालथा घालून तिला दाखवण्याजोगी एकच जागा शोधली होती: कातळवाडीच्या गायरानात बालाघाटाच्या कड्याखालची घळ, जिला गाव अंधारी म्हणतं. जांभूळ, उंबर, करंज, आणि त्यांच्यावर असा वेलांचा पसारा की दुपारी खाली उतरलं तरी दिवस मावळल्यासारखं वाटावं. बाई खाली उतरली, वर पाहिलं, आभाळ दिसेना, मानेवर कुठूनसा एक थेंब पडला. "ब्यूटिफुल," ती म्हणाली. खोटं कुणीच बोललं नव्हतं. बाई जे बघायला आली होती ते तिला दिसलं, एवढंच.

संस्थेची जीप अध्यक्षांच्या भाचीच्या लग्नात गुंतली होती, म्हणून व्यंकटराव एसटीत आबारावाच्या शेजारी बसले. गोणपाट सीटखाली सरकवलेलं होतं. खड्डा आला की करवतीची पाती आतल्या आत थरथरायची आणि एक बारीक, गोड, लांबत जाणारा आवाज यायचा, कुणीतरी दुसऱ्या खोलीत एकतारी लावत असल्यासारखा. सांगून टाकावं, व्यंकटराव मनाशी म्हणत होते. येडशीच्या आत सांगून टाकू. आबाराव, चूक झाली, वर्ष नव्हे, वर्षा. येडशी गेली. गायरान गावाचं, झाडं गावाची. संस्थेची म्हणावी अशी तिथं एक पाटी तेवढी, आणि तीही चुकलेली. त्यांच्या हातात होता फक्त गावाचा शब्द, आणि तो गावानं तंतोतंत पाळला होता. शब्द मोडणाऱ्याशी भांडता येतं. शब्द पाळणाऱ्याशी कसं भांडायचं, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. आणि समजा सांगितलं, तर पुढचा प्रश्न येणारच: पावसाचं वन? हितं? कुठाय पाऊस, सायेब? मग एक माणूस हसेल, मग पार हसेल, मग गाव हसेल. गावाच्या हसण्याची त्यांना वेगळी माहिती होती. त्यांचे वडील, पिराजी, निजामाच्या काळात तामलवाडीकडे गावकीचं काम करायचे. निरोप नेताना एखादा अवघड शब्द चुकला की चावडीवरची मंडळी त्यांच्याकडून तो दोनतीनदा वदवून घेत, आणि प्रत्येक वेळी हसत. वडील सांगताना तेही हसायचे. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आले त्या दिवसापासून मात्र त्यांनी तो किस्सा कधी सांगितला नाही. "व्यंकू, शब्द चुकू द्यायचा न्हाय," एवढं मात्र मरेपर्यंत सांगत राहिले. अकरा वर्षांच्या व्यंकूनं ते इतकं मनावर घेतलं की शाळेत शुद्धलेखनात पहिला आला. आणि आता हा काना. दुसऱ्या कुणा साहेबाचा राहिला असता तर गाव म्हणालं असतं, पाटीवाला चुकला. आपला राहिला तर काय म्हणेल, ते व्यंकटरावांना खिडकीच्या काचेत स्वच्छ ऐकू येत होतं.

"औंदा तेरखेड्याचं बरं हाय," आबाराव बाहेर बघत म्हणाला. "दारू वाळवायची, फटाकं भरायचं. ऊनच ऊन. सगळ्या जिल्ह्यात दुष्काळ फळला तो त्यास्नीच." आणि मग मोकळेपणानं पाय पसरून तो त्याच्या दूध सोसायटीबद्दल बोलू लागला. तो सरपंच होता, पण चेअरमन म्हटलेलं त्याला जास्त आवडायचं. सहकारी दूध सोसायटी नोंदवून झाली होती, शिक्का झाला होता, संचालक झाले होते, दोन संचालकांचं आपसात पटेनासंही झालं होतं. फक्त शेड राहिली होती. "शेडला लाकूड पायजे. वासं, दारं, खिडक्या. उरलंसुरलं कोळशाला जाईल, त्या पैशात हिरीला सुरुंग लावू." "आणि म्हशी?" व्यंकटरावांनी विचारलं. आबारावानं पसरलेले पाय आखडून घेतले. "म्हशी इकल्या की वो," तो म्हणाला. "चारा कुठाय? बाजारात कसाई बी भाव देत न्हाय. पन म्हशीचं काय, येत्यात न् जात्यात. सोसायटी ऱ्हाती." हे वाक्य ऐकून व्यंकटराव सावरून बसले, आणि ते कशानं हे कळायला त्यांना येरमाळा यावं लागलं. ते ओळख पटणं होतं. एकाच बाकावर दोघं बसले होते: बिनदुधाच्या सोसायटीचा चेअरमन आणि बिनपावसाच्या वर्षावनाचा प्रमुख. या माणसावर रागावताच येईना. त्याच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही शेड हवीशी वाटली असती. म्हशी नसल्या की शेडच हवी असते.

पण अंधारी तुटणार, हे त्यामुळं कमी तुटणार नव्हतं. आज दुपारी. डोळे मिटले की ती घळ समोर यायची आणि उघडले की पिवळं, खरवडलेलं माळरान. मिटले की हिरवं, उघडले की पिवळं, असा खेळ कितीतरी वेळ चालला. त्यात मधेच, न बोलावता, बहात्तर सालचा तो कडुनिंब आला. तेव्हा ते जळकोटजवळ रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायला होते. मैलभर उघड्या मुरमावर खडी फोडणारी माणसं आणि सगळ्या मुरमावर एक कडुनिंब. बायका पोरांना त्याच्या सावलीत झोपवायच्या, आणि सावली सरकली की एकीनं उठून सगळ्यांची पोरं सरकवायची, आळीपाळीनं. मग आखणीत असं निघालं की झाड रस्त्याच्या मधोमध येतं. ते पडलं. पडल्यावर इतका कडू, गार वास सुटला की लोक हातोडे थांबवून उभे राहिले. हे सगळं व्यंकटरावांनी अनेकदा लोकांना सांगितलं होतं. जे कधी सांगता आलं नाही ते दुसऱ्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी बायकांनी पोरं नेऊन त्याच जागी निजवली. उन्हात. आणि जरा वेळानं, सावली सरकायच्या वेळेला, एक बाई उठली आणि तिनं पोरं हातभर पुढं सरकवली. कुणी तिला वेडी म्हटलं नाही. दुसरीची पाळी आली तेव्हा तीही उठली. व्यंकटरावांनी हजेरीपटात नावं लिहायची ती तशीच ठेवून त्या नसलेल्या सावलीकडे पाहिलं होतं, आणि त्यांना एक क्षण ती दिसली होती. पुढं आयुष्यात जे काही त्यांनी झाडांबद्दल केलं, शिकलं, बोललं, ते सगळं त्या क्षणाच्या मागं लपायला केलं असावं, असं एसटीत घामानं चिकटून बसलेल्या त्यांना वाटलं. हॉलंडच्या बाईला यातलं काय सांगणार? तिनं विचारलं होतं, तुम्ही या क्षेत्रात कसे आलात? ते म्हणाले होते, आवड.

तेरखेड्याच्या पुढं फाट्यावर उतरून दोघं चालू लागले. आबारावानं गाठींचा पुडा धरला होता. गोणपाटाचं एक टोक त्याच्या खांद्यावर, दुसरं टोक, न विचारता आणि न सांगता, व्यंकटरावांच्या खांद्यावर आलं होतं. आपण आपल्या वनाची करवत आपल्याच खांद्यावरून नेतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धी वाट सरली होती, आणि खाली ठेवायला काही निमित्त सुचेना. गावात घरांवर गुढ्या होत्या. पण निवद दाखवून माणसं घराबाहेर पडलेली, पार मोकळा. "समदी तिकडंच गेलीत जनू," आबाराव म्हणाला, आणि त्याची चाल वाढली. व्यंकटरावांचीही वाढली, कारण गोणपाट एकच होतं. कड्याच्या वळणावर त्यांनी कान दिले. कुऱ्हाडीचा आवाज येत नव्हता. मग त्यांनी डोळे वर केले. अंधारी होती. सगळ्या भाजलेल्या डोंगरात कुणी विसरून गेलेली शाल पडावी तशी, काळसर हिरवी, जागच्या जागी. आणि तिच्या तोंडाशी, चुकलेल्या पाटीच्या खाली, गावच्या बायका आडव्या ओळीनं मांडी घालून बसल्या होत्या. पुरुष कुऱ्हाडी घेऊन समोर उभे होते, पंगतीत जागा न मिळालेल्या वऱ्हाड्यांसारखे.

ओळीच्या मधोमध मालनबाई बसली होती, आबारावाची थोरली चुलती. मिशरीनं काळे झालेले दात आणि वाळल्या शेंगेसारखे हात. तिनं पुतण्याकडे पाहिलं, मग गोणपाटाकडे, मग गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या व्यंकटरावांकडे. "आबा, करवत कशाला आनलीस रं?"

"वरीस भरलं की, काकू."

"कुनाचं?"

"वनाचं. पाटी हाय की डोक्यावर. सालगड्याचं साल पाडव्याला भरतं का न्हाय? तसंच ह्ये."

"सालगडी व्हय ही झाडं? मंग धोतरजोडी दिलीस का त्यास्नी? घोंगडं दिलंस? जवारीचं पोतं घातलंस?" ओळीत हसू पसरलं. मालनबाई हसली नाही. "मला सांग, मी तुझ्यापरीस किती मोठी?"

आबारावाला यात धोका दिसला नाही. "आसाल की ईस-एक पावसाळं."

"काय म्हनलास?"

"ईस पावसाळं."

"पाडवं का न्हाय म्हनलास?"

मालनबाईनं ओळीकडे वळून, सोसायटीच्या सभेत ठराव वाचावा तसं, सावकाश सांगितलं, "मानसाचं वय पावसाळ्यानं मोजत्यात. बैलाचं पावसाळ्यानं. ह्या उंबराचं बी पावसाळ्यानंच. मंग ह्या आबानं मला औंदाचा पावसाळा दावावा. पावसाळा झाला न्हाय, तर वरीस झालं कसं?"

"मिरगात पडला की थोडा, काकू," कुऱ्हाड खांद्यावर घेतलेला ज्ञानोबा सुतार मागून म्हणाला.

"त्यो पाऊस व्हय, मुडद्या? चिमनीची पाठ वली झाली न्हाय त्यात."

आता पुरुषांत चुळबुळ झाली. आबाराव पुढं झाला, करवत घेऊनच, त्यामुळं व्यंकटरावही पुढं झाले. "काकू, तुमी पावसावर घेऊ नका. सरळ सांगा, तुमचं नडतंय कुठं? सोसायटी गावाची हाय. शेड हुईल, हीर खोल हुईल, पानी तुमालाच भरायचंय न्हवं?"

दोन पोरसवदा सुनांनी पदर तोंडात धरले. मालनबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा व्यंकटरावांकडे, परका माणूस आहे हे हिशेबात घेतलं आणि ते बाजूला ठेवलं. "सांगू? ह्या चारचौघांत सांगू? डोंगर उघडा. रान उघडं. बांधावरच्या बोरी गेल्या, तुरीच्या काट्या बी चुलीत गेल्या. सकाळच्या पारी आमी बायकांनी जायाचं कुठं, आबा? तुज्या सोसायटीत?"

कुणी हसलं नाही. व्यंकटरावांच्या अपेक्षेपेक्षा हे फार वेगळं निघालं. त्यांना वाटलं होतं आता हशा पिकेल. पुरुष एकदम आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे पाहू लागले, जणू तिथं काही पेरलं होतं आणि ते उगवलं का ते बघायचं होतं. व्यंकटरावांच्या कार्यक्रमाचे अहवाल डोळ्यांपुढून गेले. मातीची धूप, हवेतला ओलावा, पक्षी. एका वाक्यात असंही होतं की स्थानिक समाजाला वनापासून विविध लाभ होतात. विविध लाभ. हे वाक्य त्यांनीच लिहिलं होतं, आणि ते एवढं खरं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. घळीत ते इतक्यांदा उतरले, पण दर वेळी दुपारी. सकाळी येतो म्हटलं की आबाराव काहीतरी कारण काढून टाळायचा. म्हणजे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं सभेत येत नाही, आणि आलं तर त्याला धरून माघार घेता येत नाही. बायकांच्या आडोशासाठी शेड सोडली, असं कुठला चेअरमन इतिवृत्तात लिहील? आबाराव घामाघूम होऊन उभा होता. त्याला हरायचं होतं, फक्त हरायला एखादी बरी जागा हवी होती. त्याची नजर ती शोधत फिरली, आणि व्यंकटरावांच्या तोंडावर येऊन थांबली. "सायेब," तो जवळजवळ विनवल्यासारखा म्हणाला, "पाटी तुमची हाय. तुमीच सांगा. त्यावर लिवलंय ते वरीस पाडव्याचं का पावसाळ्याचं?"

सगळं गाव वळलं. व्यंकटरावांच्या खांद्यावर करवत होती. पाडव्याचं नाही, पावसाळ्याचं, एवढं म्हटलं की सुटका होती. पण ते खोटं झालं असतं. निदान शुद्धलेखनाच्या दृष्टीनं. आणि चावडीवर उभ्या असलेल्या पिराजीचा मुलगा आतून म्हणाला, शब्द चुकला असला तर आता तूच सांग, दुसऱ्यानं वदवून घ्यायच्या आत. त्यांनी गोणपाट खाली ठेवलं. "पाटी चुकलीय," ते म्हणाले, आणि आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. "एक काना राहिलाय. ते वर्ष नाही. वर्षा. वर्षा म्हणजे पाऊस."

आणि ते हसण्याची वाट पाहत उभे राहिले. ते हसणं त्यांनी सकाळपासून, कदाचित चाळीस वर्षांपासून, काचेत, आरशात, वडलांच्या गप्प बसण्यात ऐकलं होतं. उन्हाची एक वावटळ आली, पाटीवर धूळ आपटून गेली. मालनबाईनं हात जोरात मांडीवर मारला. "बगा! शिकल्याला मानूस हाय. म्या इतका येळ बडबडून सांगतीया, त्यानं एका शब्दात सांगितलं."

"पाऊस," आबाराव म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी जड उतरत होतं. "पाऊसच की. मंग प्रश्नच मिटला. पाऊस झाल्याबिगर वरीस भरत न्हाय. सायबानं सोता सांगितलं."

"नाही, मला म्हणायचं होतं..." व्यंकटराव बोलू लागले, आणि थांबले. काय म्हणायचं होतं? त्यांनी उभ्या आयुष्यात इतकं खरं वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि गावानं त्याचा निवाडा करून घेतला होता. चूक सांगितली तर ती गावाच्या उपयोगी पडली. असं काही होऊ शकतं याची सोय त्यांच्या भीतीत नव्हती. बसावंसं वाटलं, ते बसले, तिथंच, गोणपाटावर.

"आन पाऊस पडल्यावर?" ज्ञानोबानं विचारलं. त्यानं कुऱ्हाडीला नवा दांडा घातला होता, आणि तो वाया जाणार म्हणून त्याचा जीव तुटत होता.

"पाऊस पडल्यावर तुला पेरनीतनं मान वर करायला सवड घावली, तर ये की," मालनबाई म्हणाली. "मी हितंच बसल्याली असंन." बायका उठल्या, लुगडी झटकली. पुरुषांनी कुऱ्हाडी काखेत घेतल्या, आणि पाचदहा मिनिटांत त्यांच्यात बोलणं सुरू झालं ते तमाशाच्या बारीबद्दल. आबारावानं नारळ आणलाच होता, तो पाटीच्या खांबावर फोडला, एक शकल व्यंकटरावांच्या हातात दिलं आणि जवळ बसून हलक्या आवाजात म्हणाला, "बरं झालं सायेब. खरं सांगू? शेड झाली असती, तर म्हशी दावा म्हनलं असतं सगळ्यांनी." त्यानं खोबरं चावलं. "आता दोन-चार वर्सं तरी घोर न्हाय. शेड अडलीय म्हनायचं. पावसामुळं." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघंही घळीकडे पाहत होते, आणि दोघांनाही एकदमच हसू आलं, आवाज न होणारं, खांदे हलवणारं.

पाटीत काना घालून घ्यावा का, हे व्यंकटरावांच्या मनात आलं. मग त्यांना वाटलं, नको. कान्यानं आणखी काय अर्थ निघेल सांगता येत नाही. ते एकटेच अंधारीत उतरले. पाचोळ्यानं पाय बुडवले. वर आभाळ नव्हतं, पानांमधून गाळून आलेला उजेड होता, आणि कुठंतरी खाली झऱ्याचा ओलसर, बुरसट वास. कुठला थर, कुठली जात, हे त्यांनी पहिल्यांदाच मोजलं नाही. छाती भरून श्वास घेतला तेव्हा कळलं की सकाळपासून तो अर्धाच घेतला जात होता. आणि छाती मोकळी झाल्यावर शरीराला बाकीच्या गोष्टीही सुचल्या. धडधड थांबली की माणसाला जे आठवतं ते. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, एका जाड करंजाच्या आड गेले आणि पायजम्याच्या नाडीला हात घातला.

"ओ सायेब!" वरून मालनबाईचा आवाज घुमत आला. ही बाई झाडांतून पाहते की काय, कळेना. "तिकडं न्हाय! ती बायकांची बाजू हाय. गड्यांची बाजू वढ्याच्या पल्याड!"

व्यंकटराव नाडी मुठीत धरून कोरड्या ओढ्याच्या गोट्यांवरून ठेचकाळत पलीकडे निघाले. झाडं विरळ झाली, उजेड वाढत गेला आणि अचानक ते पांढऱ्या, रणरणत्या उन्हात येऊन उभे राहिले. पल्याड एकही झाड नव्हतं. गड्यांची बाजू गड्यांनी कधीच तोडली होती. समोर उघडा डोंगर, डोंगरावर चरायला काही नसतानाही चरणाऱ्या चार शेळ्या, आणि त्यांच्यामागं बसलेली एक म्हातारी, सरळ त्यांच्याकडेच बघणारी. वर्षावन संरक्षण कार्यक्रमाच्या प्रमुखांनी तिला दुरूनच मान लववून नमस्कार केला. म्हातारीनं समजूतदारपणे तोंड फिरवलं, आणि मग, का कोण जाणे, शेळ्यांनीही.